तानी वानरीचा रजेचा अर्ज

मुलांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर घरातल्या मोठ्यांकडून दुरुस्त करून घ्या. शब्दही साधेच आहेत. जड शब्द या गोष्टीत दुसऱ्यांनी वापरलेत, तेवढे पुरे.

एका जंगलात 'निर्धास्त' नावाची कंपनी होती. मालक होते साळिंदरशेठ. कंपनीचं काम एकच. बिबट्या आला की चितळांना ओरडून सावध करायचं. त्याबदल्यात चितळं शेठच्या बिळापाशी मोहाची फुलं आणून टाकत.

आता साळिंदराला झाडावर चढता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. ते काम वानरं करत. शेंड्यावर बसायचं आणि बिबट्या दिसला की 'खॉक, खॉक' करायचं. कंपनी निघायच्या आधीही ती हेच करत होती. शेठनं त्यांना फक्त पळसाच्या पानाचा बिल्ला दिला आणि 'स्वयंसेवक' म्हटलं. वानरं इतकी खूश झाली की झोपतानाही कुणी बिल्ला काढेना.

मग हजेरी सुरू झाली. ती घ्यायला शेठनं एक मुंगूस नोकरीवर ठेवला. उशिरा येणाऱ्याला दिवसभर बिल्ला उलटा लावावा लागे. पुढं रजेचे अर्ज आले. वानरं अर्ज लिहायला शिकली. त्याचाही त्यांना अभिमान वाटला.

त्यांच्यात तानी नावाची एक वानरी होती. तिची नजर सगळ्यांत तेज. एकदा तिला ताप भरला. तिनं पानावर अर्ज लिहिला, 'चक्कर येते. दोन दिवस रजा मिळावी.' मुंगसानं खाली शेरा मारला, 'नामंजूर. सेवेत खंड पडतो.'

तानी चढली. शेंड्यावरून तिला बांबूच्या बेटात ठिपक्यांची पाठ दिसली. ती ओरडली. चितळं पळाली, एकूण एक वाचली. तानी मात्र फांदीवरून खाली कोसळली आणि तिचा उजवा हात मोडला.

जंगलात एक कायदा होता. कामावर असताना नोकराला इजा झाली, तर तो बरा होईपर्यंत कंपनीनं त्याला गुहेत ठेवायचं आणि फळं पुरवायची. एका हातानं झाडावर चढणं तानीला जमेना. खाली फळं नव्हती, पण बिबट्या होता. तिनं गुहा मागितली.

"गुहा नोकरांना असते, तानीबाई," शेठ म्हणाले. "तू तर आमची घरची."

"घरची? मग इतके दिवस बघायला का नाही आलात?"

"मी काटेरी. जवळ आलो असतो तर तुलाच टोचलं असतं."

तानी न्याय मागायला गवा महाराजांकडे गेली. महाराज रवंथ करत न्याय देत. त्यामुळं न्यायाला वेळ लागे. सगळं जंगल जमलं.

तानीनं पान पुढं केलं. "महाराज, माझी रजा नामंजूर झाली. रजा नामंजूर कुणाची होते?"

"नोकराची," महाराज म्हणाले. वानरांनी टाळ्या वाजवल्या.

शेठनं काटे नीट बसवले. "महाराज, ती नामंजुरी नव्हती. ती आपुलकी होती. तानीशिवाय आम्हाला करमत नाही."

महाराजांनी बराच वेळ चघळलं. मग विचारलं, "तानी, शेंड्यावर बसलेली असताना तुला चितळांची काळजी वाटायची का?"

"वाटायची की! त्यांची पाडसं लहान आहेत."

"झालं तर. काळजी वाटली म्हणजे मन होतं. मन होतं म्हणजे सेवा होती. सेवा होती म्हणजे नोकरी नव्हती."

"आणि हा मुंगूस?" तानीनं विचारलं. "त्याला नाही वाटत काळजी?"

मुंगूस ताठ उभा राहिला. "अजिबात नाही, महाराज. मी कधी वर बघतसुद्धा नाही."

"म्हणून तो नोकर," महाराज म्हणाले, आणि निकाल लागला.

तानीची थोरली जाऊ गिरजा उसळली. "आपण स्वयंसेवक ना? मग उद्या कुणी झाडावर चढायचं नाही! बघू दे शेठला चढून!"

"नाही चढायचं!" सगळी वानरं ओरडली. झाडं हलली. शेठचे काटेसुद्धा उभे राहिले.

एका वानरानं हळूच विचारलं, "पण न सांगता कसं राहायचं? बरं दिसतं का ते?"

हे सगळ्यांना पटलं. गिरजालाही पटलं. सगळ्यांनी रांग लावून रजेचे अर्ज दिले. सगळे नामंजूर झाले. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळी झाडावर गेली. गिरजा जरा उशिरा गेली. तिचा बिल्ला उलटा होता.

तानी आता झाडाखाली चितळांमध्ये बसते. वरून वानरं पाला टाकतात, तो खाते. वरून हाक आली की सरपटत करवंदीच्या जाळीत शिरते.

आठवड्यानं मुंगूस आला. "तानीबाई, तक्रार आहे. तुम्ही हाक ऐकता. हाक ग्राहकांसाठी आहे. तुम्ही मोहाची फुलं देत नाही. इथून पुढं हाक आली की कान झाकायचे."

तानी कायद्यानं वागणारी होती. हाक आली, तसा तिनं एक कान झाकला. दुसरा झाकायला हात नव्हता. म्हणून ती अजून जिवंत आहे.

तात्पर्य: दुसऱ्याची काळजी करू नये, नोकरी पक्की होते. केलीच, तर न्यायालयात कबूल करू नये.

ही गोष्ट मी रविवारी लिहून काढली. बाटलीबंद पाणी विकणारी एक कंपनी आहे. तिच्या तलाव-सफाईत मी तीन वर्षं बिनपगारी 'सेवामित्र' आहे. सोमवारी सकाळी मी तलावावर गेलो. साहेबांनी हजेरीची वही पुढं केली. मी हात खिशातच ठेवले.

"काय रे, बरं नाही का?"

"बरा आहे, साहेब. आज यायचं मन नाही. तेवढं सांगायला आलो."

"मग अर्ज?"

"नाही आणला," मी म्हटलं आणि घरी आलो.