रंगरावांचं बिनदुधाचं आईस्क्रीम

रंगरावांनी आयुष्यात फारसे निर्णय घेतले नव्हते. जे घेतले ते बायकोने आधीच घेतलेले असायचे, यांनी फक्त मान डोलवायची. त्यामुळे त्या दिवशी लेकीशी फोनवर बोलता बोलता ते एकदम "तू ये तर खरी, तुझं ते बिनदुधाचं आईस्क्रीम मी घरी करतो" असं बोलून गेले, तेव्हा स्वयंपाकघरात बायकोच्या हातातला झारा तिथल्या तिथे थांबला.

(त्यांचं खरं नाव निराळं होतं. पण रंगाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकाला हवी ती छटा मिसळून देण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून सगळी इमारत त्यांना रंगराव म्हणायची. अलीकडे बायकोसुद्धा म्हणायला लागली होती.)

झालं होतं असं, की लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि तिकडे व्हीगन झाली. दूध बंद, दही बंद, लोणी बंद, मधसुद्धा बंद. पोरगी तत्त्वाला पक्की (हे आईकडून आलेलं). रंगरावांचं तत्त्वाशी काही वाकडं नव्हतं, त्यांचं दुखणं वेगळंच होतं. ती लहान असल्यापासून सुट्टीच्या दिवशी जेवणं आटोपली की बापलेक आईस्क्रीमचा डबा मध्ये ठेवून, वाट्याबिट्या न घेता, सरळ डब्यातूनच खात बसायचे. खाता खाता ती शाळेतली भांडणं सांगायची, पुढे कॉलेजातली, मग ऑफिसातली. आता घरी आली की ती एखादं सफरचंद कापून घ्यायची आणि आपल्या खोलीत जायची. रंगराव डब्यासमोर एकटे बसायचे. एकट्याने खाल्लेलं आईस्क्रीम गोड लागत नाही, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आणि या खेपेला ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, शनिवारी येते आणि रविवारी सकाळीच निघते. तिकडे माझ्या खाण्याचे हाल, आणि आईला उगीच व्याप." ते ऐकून त्यांना सुट्टीच्या दिवशीचा तो डबा आठवला होता. आईस्क्रीम तोंडातून निघालं ते त्या डब्यातून.

"घरी करणार म्हणजे कोण करणार?" बायकोने विचारलं.

"मी."

"तुम्ही पाणी तापवलंत तरी ते खाली लागतं."

"अगं, मशीन मिळतं त्याचं. मिश्रण करायचं, ओतायचं आणि बटण दाबायचं. मी दिवसभर दुकानात दुसरं काय करतो?"

मशीन आलं. एक जाड भिंतींचं भांडं, त्यात फिरणारं एक पातं आणि वर झाकण. बरोबर माहितीची पुस्तिका होती, ती रंगरावांनी जपून कपाटात ठेवली. (माहितीपत्रकं गिऱ्हाइकांसाठी असतात, जाणकारांसाठी नाही, असं त्यांचं मत होतं.) काजू भिजवले, वाटले. नारळाचं दूध, साखर, व्हॅनिला.

"तिला नारळाचं दूध चालतं?" बायकोने शंका काढली.

"चालतं. नारळाला वासरू नसतं."

मिश्रण तयार झालं तशी त्यांनी सवयीने त्यात काठी बुडवून वर धरली. रंगाची धार कशी न तुटता पडली पाहिजे. इथे धार पडेचना, काठीवरून गोळा उतरत होता. आता घट्ट झालेला रंग पातळ करायचा, हे धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. रंगरावांनी तांब्याभर पाणी ओतलं, धार सुरेख पडली आणि त्यांना फार बरं वाटलं. संध्याकाळी फ्रीझरमधल्या डब्यातून जे निघालं ते चमच्याने निघालं नाही. त्याला सुताराची पटाशी लावावी लागली. एक चमचा वाकला, एक तुकडा उडून कोपऱ्यात गेला आणि तो बराच वेळ तिथे न वितळता पडून होता.

"भिंतीत भोकं बुजवायला घ्या," बायको म्हणाली. "टिकेल."

दुसऱ्या वेळी पाणी टाळलं, पण मशीन तासन्‌तास फिरलं तरी आत सगळं पातळ ते पातळच. उलट मोटर तापून ते कोमट व्हायला लागलं. अखेर बायकोने कपाटातून पुस्तिका काढली आणि पहिल्याच पानावरचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं: भांडं आदल्या दिवसापासून फ्रीझरमध्ये ठेवावं. रंगरावांनी ते आंघोळीला जाताना आत ठेवलं होतं आणि आंघोळ करून आल्यावर बाहेर काढलं होतं.

"सूप म्हणून वाईट नाही," ती घोटभर चाखून म्हणाली. तिला दया येत होती, पण ती दाखवण्याइतकी नाही.

शुक्रवार उजाडला. आता मात्र रंगराव इरेला पेटले. दुकानातून लवकर निघून ते घरी आले तर बायको बाजारात गेलेली. फ्रीझर उघडला, तर त्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. त्यांनी हाताला लागेल ते एका पिशवीत कोंबलं, ती पिशवी घेऊन वरच्या मजल्यावर गेले आणि निवृत्त हेडमास्तरांच्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवली. हेडमास्तर एकटे राहत, त्यांच्या फ्रीझरमध्ये शिस्त सोडून दुसरं काही नसे. मग खाली येऊन भांडं आपल्या फ्रीझरमध्ये ठेवून रंगरावांनी त्याच्या दारावर चिठ्ठी लावली: उद्यापर्यंत उघडू नये, हुकमावरून.

आणखी एक अडचण होती. काजू कितीही वाटले तरी दाताखाली कचकच यायची. पण याला औषध त्यांच्याकडे होतं. दुकानात रंगात गाठी राहिल्या की तो झिरझिरीत कापडातून गाळतात. घरात तसं जुनं कापड मिळेना. आतल्या खोलीत खुर्चीवर एक तलम कापड घडी करून ठेवलेलं दिसलं. बोटांनी चाचपून पाहिलं, वीण अगदी हवी तशी होती. मिश्रण असं काही गाळून निघालं, की रंगरावांनी काठी बुडवून धरली आणि काठीकडे बघतच राहिले. त्याच वेळी त्यांना आठवलं की हा स्कार्फ रेशमी आहे, बायकोच्या भावाने आणलेला आहे आणि तिने तो अजून एकदाही वापरलेला नाही. त्यांनी तो पिळून रंगाच्या एका रिकाम्या डब्यात घातला आणि डबा पलंगाखाली सरकवला. मिश्रणाचं भांडं झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गार व्हायला ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी लेक आली, हातपाय धुऊन टेबलाशी बसली. मशीन सुरू होतं. पात्याचा आवाज हळूहळू जड होत गेला आणि शेवटी पातं थांबलं. रंगरावांनी झाकण उघडलं. आत लुसलुशीत, दाट, हस्तिदंती रंगाचं आईस्क्रीम होतं, चमचा घातला तर लोण्यासारखं वळत होतं. रंगरावांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. सगळं डब्यात काढून त्यांनी तो लेकीपुढे ठेवला.

तिने एक चमचा तोंडात घातला. मग तो हळूच खाली ठेवला.

"बाबा, यात दूध आहे."

"नाही गं."

"साय आहे. मी चार महिने यासाठी आसुसले आहे, मला कळत नाही का? बिनदुधाचं असं होतच नाही."

"झालंय ना."

"मागे भाजीत लोणी घालून तेल म्हणून सांगितलं होतंत," बायकोने स्वयंपाकघरातून आठवण करून दिली. "वजन घटलंय म्हणाला होतात तिचं." आणि नेमकी ती चिठ्ठी काढून फ्रीझर उघडायला गेली. "अहो, अडीअडचणीला म्हणून ठेवलेली दुधाची पिशवी कुठे आहे?"

रंगराव गोंधळले. पिशवी? कुठली पिशवी? घाईत काय काय उचललं होतं हे त्यांना देवाशपथ आठवेना, आणि जो माणूस आठवत नाही म्हणतो त्याच्यावर कोण विश्वास ठेवतं? लेकीचे डोळे भरून आले. "मला फसवायचं कशाला बाबा? नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं," असं म्हणून ती उठली.

ती खोलीकडे निघालेली पाहून रंगरावांनी मनाशी ठरवलं. चोर ठरण्यापेक्षा दुसरा गुन्हा कबूल केलेला बरा. ते पलंगाखाली शिरले आणि डबा घेऊन बाहेर आले. "हा बघ पुरावा. यात काजूचा चोथा आहे. वास घे, नारळाचा येतो की नाही?"

लेकीने वास घेतला. बायकोने पाहिलं.

"हा माझा स्कार्फ आहे," ती फार शांतपणे म्हणाली.

"होय. पण दुधाचा नाही."

लेक विचारात पडली, पण पुरती वळेना. काजू असतील, म्हणून दूध नसेलच असं कुठे आहे? तेवढ्यात दारावरची बेल वाजली. हेडमास्तर पिशवी घेऊन उभे होते.

"तुमची अनामत," ते म्हणाले. "मटार, पाव आणि बर्फाचा साचा, मोजून घ्या. दुधाची एक पिशवी होती, ती मात्र कालच माझ्याकडून खर्ची पडली. अचानक माजी विद्यार्थी आले, कॉफी करावी लागली. उद्या भरून देतो."

रंगरावांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. लेकीने हेडमास्तरांना तीनतीनदा विचारून घेतलं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. मग त्यांना डब्यातलं एक वाटीभर काढून दिलं. ते डोळे मिटून खाऊ लागले, आणि वाटी खरवडून झाल्यावरच म्हणाले, "यात दूध नाही, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं."

एवढं झाल्यावर रंगरावांना विजय चढला. ते उभे राहिले आणि बोलत सुटले. माणसाला दूध लागतंच कशाला, ही नुसती जिभेची गुलामी आहे, आणि हेडमास्तर, तुमच्यासमोर सांगतो, आजपासून या घरात दुधाचा थेंब येणार नाही. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरं कुणी ते ओळखून खाली बसलं असतं.

"खरंच बाबा?" लेक म्हणाली.

"खरंच."

हेडमास्तरांनी गंभीरपणे त्यांचा हात हातात घेतला, दाबला आणि ते निघून गेले. लेकीने स्वतःसाठी चमचा घेतला, डबा टेबलाच्या मधोमध ओढला आणि बापासमोर बसली. मग तिने साहेबाची गोष्ट सांगितली, खोलीत बरोबर राहणाऱ्या मैत्रिणीच्या घोरण्याची सांगितली, आणि मध्येच म्हणाली, "उद्या नाही जात, सोमवारी पहाटे निघेन." रंगराव आईस्क्रीमच्या घासामागून घास घेत राहिले. डब्याचा तळ दिसला तेव्हा त्यांना वाटलं, आपण आयुष्यात एवढं मोठं काही केलं नव्हतं.

रविवारी सकाळी लेकीने आपल्या हाताने चहा केला, काजूच्या दुधाचा. रंगराव दाट दुधाच्या चहाशिवाय डोळे उघडत नसत, दुसऱ्या कपाशिवाय बोलत नसत. कपात करड्या रंगाचं काहीतरी होतं, आणि त्यावर चोथा तरंगत होता. लेक त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बसली होती.

"कसा झालाय?"

"वा," रंगराव म्हणाले. "कळतसुद्धा नाही."

बायको म्हणाली, तिला चहा नकोच आहे, ती जरा भाजी घेऊन येते. रंगरावांनी कप कसाबसा संपवला, गच्चीवर फेरी मारून येतो म्हणून बाहेर पडले आणि एका मजल्यावर थबकून हेडमास्तरांचं दार हळूच ढकललं. हेडमास्तर माणूसवेडे होते, एका कपाला नाही म्हणणारे नव्हते.

आत बायको खुर्चीत बसली होती. हातात चहाचा कप होता, वर साय आलेली, आणि ती त्यात बिस्किट बुडवत होती.

हेडमास्तर लगबगीने उठले. "या, या. तुमचाच विषय चालला होता. काल तुम्ही जे बोललात ना, मी झोपेपर्यंत त्याचाच विचार करत होतो. या वयात असा निश्चय करणारा माणूस मी पाहिला नाही. वहिनी म्हणाल्या, तुम्हीही याल. तुम्हाला इथे येऊन मोह नको, म्हणून मी मघाशीच तुमच्यापुरता वेगळा उकळून ठेवलाय." त्यांनी किटलीतून कपात काळाभोर चहा ओतला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "साखर तरी चालते ना तुम्हाला?"

रंगरावांनी बायकोकडे पाहिलं. ती दुसरं बिस्किट बुडवत होती.

"चालते," ते म्हणाले. "तीन चमचे घाला."