डाव्या हाताचा अर्ज

मनुष्याला निसर्गाने दोन हात दिले आहेत, पण उल्लेख मात्र एकाचाच होतो. जो सरस तो 'उजवा' ठरतो आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो 'डावलला' जातो, ही सोय भाषेनेच करून ठेवली आहे. तेव्हा वाद्यवादक मंडळाने जे केले त्यात मंडळाचा काही दोष नाही. (मंडळाचा दोष कधीच नसतो. तशी घटनेत तरतूद आहे.)

मंडळाने कीबोर्डवर बेस वाजवणाऱ्या उल्लेखनीय कलावंतांची यादी करायचे ठरवले. बेस म्हणजे गाण्याच्या तळाशी चालणारी खर्जातली ओळ. रीतसर ती बेस गिटारवर वाजवतात. पण काही कीबोर्डवाले उजव्या हाताने सुरावट वाजवता वाजवता डाव्या हाताने हीही वाजवून टाकतात. एका माणसाने दोघांचे काम करावे हे मंडळाच्या शिस्तीत बसेना. (मंडळाची शिस्त नेमकी याच्या उलट आहे.) म्हणून ठराव झाला, की ज्यांचे नाव यादीत येईल त्यांनीच डाव्या हाताने बेस वाजवावा. बाकीच्यांनी कार्यक्रमभर तो हात मांडीवर ठेवावा.

ठराव वाचून डावेकाकांनी हातातला चहा तसाच बाजूला सारला.

डावेकाका जेवायचे उजव्या हाताने, लिहायचे उजव्या हाताने. पण त्यांच्या वाद्यवृंदाचा बेस त्यांचा डावा हात सांभाळायचा, म्हणून हे नाव पडले. पूर्वी एक उंच बेसवाला होता. मात्र वाद्यवृंदाच्या गाडीत गायिका, ड्रमवाला, गिटारवाला आणि काका बसले, की पाचव्या जागेवर मोठा ड्रम बसे. ड्रमला घरी ठेवणे शक्य नव्हते, तेव्हा बेसवाल्याला ठेवले आणि "काका, तेवढं खालचं तुम्हीच बघा" असे सांगून डाव्या हाताची नेमणूक झाली. (नेमणूक तात्पुरती होती. त्या वेळी ड्रमवाल्याच्या डोक्यावर केस होते.)

संध्याकाळी काका मुलांना कीबोर्ड शिकवत. मुले उजव्या हाताच्या मागे धावत आणि डावा हात खिशात घालत. मग काका सगळ्यांना थांबवून सांगत, "बेस म्हणजे घराची जमीन. पाहुणा आला की तो पडदे बघतो, भिंतीचा रंग बघतो. 'वा, काय जमीन आहे! मघापासून उभा आहे, पण एकदाही खाली गेलो नाही,' असं कोणी म्हणतं का?"

मुले खिदळत. एकदा एक दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "आमच्या जमिनीबद्दल बोलतात. खालचे आजोबा बोलतात, आम्ही उड्या मारल्या की." (ही मुलगी पुढे मंडळावर जाईल अशी चिन्हे आहेत.)

काकांनी अर्ज आणला. त्यावरचे नियम सोपे होते.

१. उल्लेखनीय म्हणजे ज्याचा कोणीतरी उल्लेख केला आहे असा.
२. उल्लेख बेसचाच असावा. सुरावटीचा, शर्टाचा किंवा स्वभावाचा चालणार नाही.
३. अर्ज संबंधित हाताने स्वतः भरावा.

तिसऱ्या नियमाप्रमाणे डाव्या हाताने सही केली. ती मंडळाकडच्या जुन्या सहीशी जुळली नाही, म्हणून दोन्ही हात एकाच इसमाचे असल्याचा दाखला मागवण्यात आला. तो काकूंनी दिला: "दोन्ही हात ह्यांचेच. एकही घरकामाला लागत नाही, यावरून ओळखले." (मंडळाने हा पुरावा निर्विवाद मानला.)

खरी पंचाईत पहिल्या नियमाने केली.

"अहो, आठवा ना," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं वाजवताय, कोणीतरी काहीतरी बोललं असेलच की!"

"बोलले होते एक गृहस्थ. म्हणाले, तो जाड आवाज काढणारा माणूस पडद्यामागे का बसवलाय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, लाजाळू आहे."

"घ्या! दारात आलेला उल्लेख परत पाठवलात."

शेवटी खालच्या मजल्यावरच्यांनी केलेली एक तक्रार सापडली. ती अर्जाला जोडली. मंडळाने ती नामंजूर केली. (तक्रारीत 'छत हादरते' असे लिहिले होते. सबब उल्लेख छताचा झाला.)

अर्जदारावर अन्याय नको, म्हणून मंडळाने श्रोत्यांची पाहणीही केली. चालू कार्यक्रमात "बेस कोण वाजवतंय?" असे विचारता बासष्ट टक्के लोकांनी ड्रमवाल्याकडे बोट दाखवले, एकवीस टक्क्यांनी स्पीकरकडे आणि नऊ टक्क्यांनी गायिकेच्या नवऱ्याकडे. (तो पहिल्या रांगेत झोपला होता.) उरलेल्या आठ टक्क्यांनी बाहेर जाण्याचा दरवाजा दाखवला.

मग प्रत्यक्ष सुनावणी लागली. समोर तिघे होते. अध्यक्ष बासरीवाले, त्यामुळे खर्जाविषयी पूर्ण निःपक्षपाती. दुसरे एक तज्ज्ञ. तिसरे सचिव. (सचिव कोणते वाद्य वाजवतात हे विचारण्याची पद्धत नाही.) काकू मागच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

वाद्यवृंदाने आपले नेहमीचे गाणे धरले. पहिल्या ओळीलाच टेबलाखाली अध्यक्षांची चप्पल डोलू लागली. मग सचिवांचा बूट. मग तज्ज्ञांचे दोन्ही पाय. टेबलावर मात्र तिघांचे चेहरे निकालासारखे गंभीर होते. काकांना सगळे दिसत होते. (खर्जवाल्याची नजर खालीच असते.)

गाणे संपले. अध्यक्ष म्हणाले, "छान झालं. पण बेसमध्ये विशेष असं काही जाणवलं नाही बुवा."

"साहेब, तो जाणवू नये म्हणूनच तर..."

"मग जे जाणवतच नाही, त्याचा आम्ही उल्लेख काय करायचा?"

काकांनी डावा हात उजव्या हातात घेतला आणि शाळेत नापास झालेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा त्यावरून अंगठा फिरवला. उद्यापासून हा मांडीवर.

"अहो!" मागून काकूंचा आवाज आला. "पुन्हा धरा ते गाणं. आणि मधेच तो हात उचला."

"अगं, सुनावणी चाललीये."

"म्हणूनच सांगतेय. मी घरात एक दिवस गप्प बसले की कसं कळतं तुम्हाला? तसं कळेल त्यांना."

अध्यक्षांनी गाणे पुन्हा ऐकण्यास अनुमती दिली. (चहा यायचा होता.)

गाणे सुरू झाले. चप्पल डोलू लागली, बूट हलू लागला. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी काकांनी डावा हात पट्ट्यांवरून उचलला आणि हवेत धरला.

चुकले काहीच नव्हते. उजवा हात आपल्या जागी होता, गिटार सुरात होती, ड्रम तालात होता. फक्त टेबलाखालचे पाय एकेक करून थांबले.

अध्यक्षांनी वर पाहिले. "पंखा बंद झाला का हो?"

पंखा फिरत होता. सचिवांनी उठून खिडकी उघडली, ती चुकीची वाटली म्हणून लावली आणि दुसरी उघडली. तज्ज्ञांनी खुर्ची बदलली. नवी खुर्चीही त्यांना डुगडुगती वाटली.

"इमारत जुनी झालीये," ते म्हणाले.

"मला जरा गरगरल्यासारखं होतंय," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

गायिकेने हे गाणे झोपेतही म्हटले असते. पण आता ती दिवे गेलेल्या जिन्यात पायरी चाचपावी तशी एकेक शब्द चाचपत होती. दोन ओळींच्या मधे ती हळूच म्हणाली, "काका, या ना खाली." काकांनी मान हलवली. हात वरच राहिला.

अध्यक्षांनी गाणे थांबवले. तिघांनी डोकी एकत्र केली आणि निकाल जागेवरच सांगितला. अर्जदाराचा डावा हात उल्लेखनीय आढळला नाही. मात्र तो उचलल्यास सभागृहाच्या जमिनीला धोका संभवतो, सबब अर्जदाराने तो कार्यक्रमभर पट्ट्यांवरच ठेवावा. हाताची नोंद कलावंतांच्या यादीत न करता इमारत देखभाल या सदरात, पंखे व नळ यांच्या खाली करावी.

कलावंतांच्या यादीत तीन नावे आली. एकजण कीबोर्ड गळ्यात अडकवून उड्या मारतो. दुसरा दर चौथ्या ठोक्याला चुकतो, त्यामुळे मागच्या रांगेतलेही वळून पाहतात. तिसऱ्याचा कीबोर्ड भर कार्यक्रमात स्टँडसकट खाली कोसळला होता, आणि त्याचा उल्लेख लोक अजून करतात. मंडळाने डावे-उजवे केले नाही, असे अध्यक्षांनी मुद्दाम सांगितले.

"नळांच्या खाली?" काकू फणकारल्या. "हा काय मान झाला?"

"नळांच्या खाली काय असतं गं?" काका म्हणाले. "जमीनच ना?" आणि इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

निकालावर शिक्का मारायचा होता आणि शिक्का सापडत नव्हता. तोवर हात खाली पट्ट्यांवर ठेवणे नियमबाह्य ठरले असते, म्हणून काका हात हवेत धरून उभे आहेत. सचिव खण उघडताहेत. तेवढ्या वेळात वाचकांशी दोन शब्द बोलून घेऊ.

मंडळाला तुम्ही मघापासून हसत आहात. हसा. पण या गोष्टीच्या तळाशी अगदी पहिल्या परिच्छेदापासून कंस वाजत होते. काकांनी हात उचलला तसे तेही थांबले. तेव्हापासून एकही आलेला नाही. जाणवले? की गोष्ट मधेच जरा डुगडुगली असे वाटून तुम्हीही पंख्याकडे पाहिलेत? मागे जाऊन मोजू नका, आणि वाईटही वाटून घेऊ नका. पहिल्या खेपेला कोणालाच कळत नाही, म्हणून तर शिकवावे लागते. मंडळात एक जागा रिकामी आहे. अर्ज उजव्या हाताने भरलात तरी चालेल.

शिक्का सापडला.

(काकांनी हात खाली ठेवला.)