शेट्येकाकांचा लो बीम

प्रकाश सगळ्यांना सारखाच मिळतो असं मानणारा माणूस एकतर संत असतो, नाहीतर त्याने आपली गाडी कधी परदेशी पाठवलेली नसते. वस्तुस्थिती अशी आहे की प्रकाशालाही नागरिकत्व असतं. भारतात आपण डावीकडून गाडी चालवतो (निदान तसं ठरलेलं आहे), म्हणून इथल्या हेडलाईटचा खालचा झोत, म्हणजे लो बीम, डाव्या कडेला थोडा उचललेला असतो. फुटपाथ दिसावा आणि समोरच्याचे डोळे वाचावेत, असा त्यामागचा उदात्त हेतू. जर्मनीत सगळे उजवीकडून चालवतात. तिथे आपली गाडी नेली की तोच झोत नेमका समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो, आणि समोरचा जर्मन असल्यामुळे त्याला याचं वाईट वाटतं. म्हणून तिथे गाडी न्यायची तर आख्खे हेडलाईट बदलावे लागतात. वरचा झोत, म्हणजे हाय बीम, मात्र जगभर सारखाच सरळ असतो. त्याला देश नाही.

हे ज्ञान आमच्या सागरदर्शन सोसायटीला (सानपाडा; सागर दिसत नाही, समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते) नंदकुमार शेट्ये यांच्यामुळे प्राप्त झालं. शेट्येकाका वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे काटे तपासले. अजूनही ते बाजारात दिसले की भाजीवाला आपणहून चार शेंगा जास्त टाकतो. त्यांचा मुलगा निशांत महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्याला जर्मनीत नोकरी लागली. तो आणि सूनबाई गीतांजली कायमचे निघाले, तेव्हा काकांनी जाहीर केलं की आपली नऊ वर्षांची गाडी त्याच्याबरोबर जाईल.

"बाबा, तिकडे ट्राम आहे, बस आहे. गाडी कशाला?" निशांत म्हणाला.

"अरे, परक्या मुलखात दाराशी आपलं म्हणून काहीतरी उभं असावं," काका म्हणाले.

खरं कारण त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत. मुलगा दोन बॅगा घेऊन कायमचा जाणार आणि आपण विमानतळावर नुसतं हात हलवत उभं राहायचं, हे त्यांना सहन होत नव्हतं. काहीतरी मोठं द्यायचं होतं, आणि त्यांच्याकडे मोठं असं गाडीएवढंच होतं. चौथा मजला आला आणि त्यांनी चष्मा पुसला.

निशांतने शेवटी एक अट घातली. बोट वीस तारखेची. अठरा तारखेपर्यंत शिपिंग एजंटला 'दिवे तिकडच्या नियमात बसतात' असा तपासणीचा कागद मिळाला तर गाडी जाईल, नाही मिळाला तर विषय संपला. काकांच्या पत्नी अरुणाकाकू साक्षीदार राहिल्या.

जर्मनीहून नव्या दिव्यांच्या जोडीचा भाव आला, तेव्हा काकांनी "यात गाडी धरली आहे का?" असं विचारून घेतलं. नव्हती. म्हणून स्वस्तातला मार्ग शोधण्यासाठी सोसायटीची विशेष सभा बोलावण्यात आली. मी मानद सचिव असल्याने इतिवृत्त माझ्याकडे आहे. त्यात पुढील सूचना नोंदवल्या आहेत: डावा दिवा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावावा (अध्यक्ष, खर्च शून्य), काचेवर काळी टेप चिकटवावी (बी विंग), तिथे उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा निशांतने हिवाळ्यात घरी बसावं (एक सभासद, ज्यांचा मुलगा दुबईत आहे). अध्यक्षांची सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी प्रयोग झाला तेव्हा डावा दिवा उजवीकडे बसत नाही असं आढळलं. ठराव मात्र अजून रद्द झालेला नाही.

याच निमित्ताने मी एक पाहणी केली. सोसायटीत गाड्या चौऱ्याऐंशी. प्रत्येक मालकाला एकच प्रश्न विचारला: आपल्या गाडीला लो बीम आहे का? 'आहे' म्हणणारे नऊ (त्यांतले सात जण खाली जाऊन बघून आले). 'आधीच्या गाडीला होता' म्हणणारे तीन. 'तो टॉप मॉडेलला असतो' म्हणणारे एकतीस. 'लाईट म्हणजे लाईट, त्यात काय' म्हणणारे चाळीस. 'असावा' म्हणणारे एक, ते शेट्येकाका. नवी मुंबई हे आखून वसवलेलं शहर आहे आणि इथल्या नागरिकांची दृष्टी सरळ आहे, हे या आकड्यांवरून कोणाच्याही लक्षात यावं.

दिवे अखेर उलव्याच्या बाळाराम यांनी मिळवून दिले. बाळाराम मूळ गावचे. त्यांच्या शेतावर आता टॉवर आहे आणि टॉवरच्या मागे त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं गोडाऊन. काकांनी व्यथा मांडली, तेव्हा ते हसले.

"काका, कनाला टेन्शन घेता? तुमची हीच गाडी बाहेरदेशी जाते, डावीकरं स्टेरिंगवाली. तिची लाईट आपल्या महाप्यालाच बनते. माज्याकरं जोरी परलीय, सील बी फोरलं नाय. जर्मनीला जाऊन आली का म्हाग होते, हितं कोनी इचारत नाय."

ज्या दिव्यांसाठी काका जर्मनीला पत्रं लिहीत होते, ते निशांतच्या ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर बनत होते. बाळारामांनी नातेवाइकाला द्यावेत अशा भावात दिवे दिले आणि वर काकूंसाठी जवळा दिला. दीपेश गॅरेजवाल्याने (सानपाडा, नऊ वर्षं गाडी त्याच्याच हातात) ते तासाभरात बसवले. काकांनी नारळ फोडला. अरुणाकाकूंनी बोनेटला हळदकुंकू लावलं.

आता एक नैतिक पेच उभा राहिला. तपासणीची तारीख सतरा मिळाली होती, म्हणजे तोवर बारा दिवस काका उजवीकडे झोत टाकणारे दिवे लावून डावीकडून चालवणार. समोरच्यांचे डोळे दिपणार. चौतीस वर्षं वजनमापं तपासलेल्या माणसाला हे झोपू देईना. पहिल्या संध्याकाळी ते फक्त भाजी आणायला गेले आणि शिव्या ऐकण्याच्या तयारीने काच खाली ठेवली. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःहून चौकीत जाऊन हवालदारांना सांगितलं, की माझ्या गाडीचे दिवे सध्या चुकीच्या बाजूला प्रकाश टाकतात, नोंद करून घ्या.

"लागतात ना?" हवालदारांनी विचारलं.

"लागतात."

"मग झालं तर. काका, लोकांचे लागत पण नाहीत."

काका समाधानाने परतले. आपल्या शहराइतकं सहनशील शहर नाही, असं त्यांनी अरुणाकाकूंना सांगितलं, आणि मला ते पटलं.

सतरा तारखेला, मंगळवारी संध्याकाळी, महाप्याच्या एका शेडमध्ये तपासणी झाली. तपासनीस क्षिप्रा नावाची तरुण इंजिनीअर होती. समोर पांढरी भिंत, भिंतीवर काळ्या रेघा. निशांत पाठीमागे हाताची घडी घालून उभा.

"लो बीम लावा," क्षिप्रा म्हणाली.

काकांनी दांडी फिरवली.

"ही हाय आहे काका. लो लावा."

"लोच लावलाय."

काकांनी दांडी वर केली, खाली केली, पुढे ढकलली, मागे ओढली. भिंतीवरचा उजेड तसाच. क्षिप्राने बोनेट उघडलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाली, "दिवा बरोबर आहे, चांगला आहे. पण लो बीमची वायरच जोडलेली नाही. दांडी कुठेही ठेवा, हायच लागणार."

दीपेशला फोन लावला. तो जराही गोंधळला नाही.

"हां काका, मी डायरेक्ट करून देतो ना सगळ्यांचं. लोला कस्टमर कंप्लेंट करतात, उजेड पडत नाय म्हणून. तुमची तर नवीन होती तेव्हाच केलेली. पैसे पण नाय घेतले."

म्हणजे नऊ वर्षं काका सगळ्या नवी मुंबईच्या डोळ्यांत सरळ बघत होते. ज्या एका झोतासाठी सभा झाली, पाहणी झाली, उलव्याला तीन खेपा झाल्या, तो झोत त्यांच्या गाडीत कधी लागलाच नव्हता. काका खुर्चीवर बसले. क्षिप्राने पाणी दिलं. ते फक्त एवढंच म्हणाले, "मी लोकांचे काटे जप्त करायचो."

दीपेश मोटारसायकलवर आला, दहा मिनिटांत वायर जोडली (याचेही पैसे घेतले नाहीत). वेगाच्या काट्याजवळची छोटी निळी खूण नऊ वर्षांत पहिल्यांदा विझली, भिंतीवर झोत खाली बसला आणि रेघेवर रेघ जुळली. उजवीकडे नीट उचललेला, कुठेही सांडलेला नाही. क्षिप्राने कागदावर सही केली. निशांतने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "बाबा, जाते हं तुमची गाडी." काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. निशांतने नंतर सांगितलं तितके खूश मी त्यांना लिफ्टमध्ये कधी पाहिलेलं नाही.

निशांत ऑफिसात राहिलेलं सामान घ्यायला गेला. काका एकटे ठाणे-बेलापूर रस्त्याने घरी निघाले. आयुष्यात पहिल्यांदा लो बीमवर.

कोपरखैरण्यापर्यंत तीन मोटारसायकलवाले ओरडले, "ओ काका, लाईट लावा!" एका रिक्षावाल्याने शेजारी येऊन काळजीने विचारलं, "लाईट गेली काय तुमची?" मागच्या टेम्पोने हॉर्नवरून हात काढला नाही. तुर्भ्याला वाहतूक पोलिसाने अडवलं.

"लाईट बंद का ठेवलीत?"

"चालू आहे साहेब. लो बीमवर आहे."

"मग फुल लावा ना. वाचवून कोणाला देणार?"

मुलाला, असं काकांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी नुसता गिअर टाकला. फुल मात्र लावला नाही. कागद झाला होता, आता दोन दिवस तरी सरळ वागायचं असं त्यांनी ठरवलं होतं. आमच्या गल्लीच्या वळणावर समोरून एक गाडी आली, पूर्ण झोत सोडलेली. काकांना आधी पांढरं दिसलं, मग काहीच दिसलं नाही. त्यांनी गाडी डावीकडे घेतली. वेग बारा असेल. सोसायटीने स्वखर्चाने उभारलेल्या 'वाहने सावकाश चालवा' या पाटीच्या खांबाला धडक बसली आणि डावा दिवा फुटला. समोरची गाडी निघून गेली.

तेवढ्यात ऑफिसातून परतलेला निशांत पळत आला. "बाबा, तुम्हाला लागलं नाही ना?"

"मला काय धाड भरलीय," काका म्हणाले. त्यांच्या हातात काचेचे तुकडे होते. "तुझा दिवा फुटला रे."

निशांतला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. हे त्याने मला नंतर सांगितलं. त्याने वडिलांच्या हातातून एकेक तुकडा काढून घेतला आणि त्यांना घरी नेलं. बाळारामांकडे दुसरी जोडी महिन्याने येणार होती. बोट वीस तारखेला गेली. निशांत आणि गीतांजली चोवीसला गेले, बॅगा घेऊन. काका विमानतळावर नुसता हात हलवत उभे राहिले, गाडी पार्किंगमध्ये असल्यासारखे मधूनमधून मागे बघत.

आता गाडीला जुने दिवे परत बसवले आहेत. दीपेशने ते डायरेक्ट करून दिले. काकांनी पैसे विचारले, त्याने याचेही घेतले नाहीत.

समोरून आलेली ती गाडी कोणाची, याची चौकशी समितीने केली. वळण आमच्याच गेटपासून चाळीस पावलांवर आहे, त्यामुळे संशय घरातच होता. चौऱ्याऐंशीपैकी त्र्याऐंशी मालकांनी 'मी तेव्हा घरी होतो' असं लेखी दिलं. (चौऱ्याऐंशीवे काकाच.) पहिला कागद माझा आहे, सचिवाने आदर्श घालून द्यावा लागतो. तेव्हा ती गाडी बाहेरची होती, असा निष्कर्ष एकमताने काढण्यात आला.

राहता राहिलात तुम्ही. तुमच्या गाडीत वेगाच्या काट्याजवळ एक छोटी निळी खूण आहे. अंधार पडला की ती उजळते आणि घर येईपर्यंत तशीच राहते. तुम्हाला ती आवडते. ती कशाची आहे, हे आजवर तुम्हाला कोणी विचारलं नाही, मीही विचारणार नाही. फक्त त्या मंगळवारी आठच्या सुमारास सानपाड्यात तुम्ही कोणाकडे आला होतात, तेवढं सवडीने आठवा. नाही आठवलं तरी हरकत नाही. 'मी तेव्हा घरी होतो' हा छापील नमुना आमच्या वॉचमनकडे ठेवला आहे, त्यात फक्त नाव भरायचं आहे.