सदुसष्ट ग्रॅम संपेनात

सकाळी दहा वाजता नव्या साहेबांनी पॅकिंगच्या वीस बायकांसमोर जाहीर केलं, की या कारखान्यात अकरा वर्षं चोरी चालू आहे आणि चोर स्टोअरच्या खिडकीत बसून चहा पितोय.

खिडकीत ताई होत्या. स्टोअर त्यांचं. कारखाना वेफर्सचा. पाकीट फोडल्यावर फुस्स करून निघून जाते आणि जिच्या नावानं गिऱ्हाईक बोटं मोडतं, ती हवा म्हणजे नायट्रोजन, आणि तो सिलिंडरमधून येतो. प्रत्येक सिलिंडर आला की ताई काट्यावर चढवत, रिकामा झाला की पुन्हा चढवत, आणि फरक वहीत लिहीत. सहा किलो आठशे ग्रॅम. कधी थोडं इकडं, कधी थोडं तिकडं.

साहेबांना काटा ही अडाणी माणसाची सोय वाटे. त्यांनी आधीचे दोन दिवस दार लावून कॉम्प्युटरवर तक्ता केला होता. त्यात सिलिंडरचा दाब टाकला, आकारमान टाकलं, तापमान टाकलं, कॉलेजात पाठ केलेला वायूचा स्थिरांक टाकला आणि बटण दाबलं.

"ताई, एका सिलिंडरमध्ये गॅस किती असतो?"

"सहा किलो आठशे."

"सदुसष्ट ग्रॅम असतो."

ताईंनी कप खाली ठेवला. "सदुसष्ट ग्रॅम म्हणजे एक कांदा झाला, साहेब."

"कांदा असो नाहीतर बटाटा, सूत्र खोटं बोलत नाही. म्हणजे रिकामे सिलिंडर घ्यायचे, भरलेले म्हणून लिहायचे, आणि पुरवठादाराबरोबर वाटून खायचं. असंच ना?"

"मग अकरा वर्षं पाकिटं कशानं फुगली? माझ्या फुंकरीनं?"

"ते चौकशीत कळेल."

मालक आले. त्यांनी तक्ता पाहिला. तक्ता रंगीत होता, आणि रंगीत कागदापुढं मालकांची मान आपोआप खाली जाई. पाच वाजेपर्यंत राजीनामा, नाहीतर पोलीस, असं ठरलं. घरात कमावणाऱ्या ताई एकट्या, मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. पण त्या क्षणी त्यांना नोकरीपेक्षा तो एकच शब्द टोचत होता, वीस बायकांनी ऐकलेला.

"मला तो कागद दाखवा," ताई म्हणाल्या.

"तुम्हाला कळणार नाही."

हे वाक्य बोलणाऱ्यांची जमात मोठी आहे. स्वतःला एखादी गोष्ट नीट कळली नाही, की ते ती दुसऱ्याला कळणार नाही असं सांगतात, आणि त्याचा पगार घेतात.

"मग काटा तरी तपासा," ताई म्हणाल्या.

काटेवाला आला. त्यानं आपली प्रमाणित वजनं चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. "काटा चोख आहे," तो म्हणाला. "माझ्या बायकोच्या नजरेपेक्षा चोख."

आता शहाण्या माणसानं तक्ता पुन्हा पाहिला असता. साहेबांनी सिलिंडर पाहिला. "काटा बरोबर, गॅस सदुसष्ट ग्रॅम, तरी वजन पावणेसात किलोनं जास्त. म्हणजे आत दुसरं काहीतरी भरलंय." ते थांबले. "पाणी."

"पाणी," मालक म्हणाले. त्यांना आपली फसवणूक समजल्याचं समाधान झालं.

नवा सिलिंडर अंगणात काढला, आडवा करून साखळीनं बांधला, तोंड उताराकडं केलं. पाणी धरायला साहेबांनी खाली बादली ठेवली. पॅकिंगच्या बायका मशीन बंद करून दारात उभ्या राहिल्या.

"झडप हळू उघडा," ताई म्हणाल्या.

"मला शिकवू नका."

साहेबांनी झडप पिळली. बादली कुंपणापर्यंत गेली. साहेबांचा चष्मा कपाळावर चढला, हातातला तक्ता उडाला आणि सिलिंडर असा ओरडू लागला, की मालकांनी दोन्ही कान झाकले. पाण्याचा थेंब नाही. साहेबांनी कसाबसा हात घालून झडप थोडी आवळली.

"सदुसष्ट ग्रॅम आहेत," ताई मोठ्यानं म्हणाल्या. "आता संपतील. थांबू या."

त्यांनी स्टूल आणलं आणि घड्याळ बघत बसल्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. सिलिंडर आपला फुसफुसतोय.

"काय हो साहेब," दारातून एक बाई ओरडली, "तुमचा कांदा सोलून होईना अजून."

पंधराव्या मिनिटाला ताई उठल्या आणि कुंपणाला चिकटलेला तक्ता काढून वाचू लागल्या. ताईंनी शाळा दहावीत सोडलेली. पण मुलीच्या बारावीत रसायनशास्त्राचं पुस्तक हातात धरून तिला प्रश्न विचारायला घरात दुसरं कोण होतं? उत्तर बरोबर की चूक हे कळायला आधी स्वतः वाचावं लागे. भाजी निवडता निवडता त्यांनी अख्खं पुस्तक वाचलं होतं, शिकवणीशिवाय.

"आठ पॉइंट तीन एक चार," त्या म्हणाल्या. "याच्यापुढं एकक कुठंय?"

"स्थिरांक आहे तो. जगभर तोच असतो," साहेब म्हणाले.

"जगभर तोच, पण हा आकडा पास्कल आणि घनमीटरवाल्यांचा. तुम्ही दाब ॲटमॉस्फिअरमध्ये घातलाय आणि आकारमान लिटरमध्ये. ॲटमॉस्फिअर आणि लिटरवाल्यांचा आकडा शून्य पॉइंट शून्य आठ दोन एक."

"स्थिरांक म्हणजे स्थिर ना?" मालकांनी विचारलं. "मग दोन आकडे कसे?"

"मालक, तुमची उंची फुटात साडेपाच, सेंटिमीटरमध्ये एकशे अडुसष्ट. उंची एकच ना? उद्या कोणी तुम्हाला एकशे अडुसष्ट फूट लिहिलं, तर दारं पाडायची का?"

मालकांनी दाराकडं पाहिलं, मग साहेबांकडं. साहेब आत गेले. मालक त्यांच्या मागं, बायका मालकांच्या मागं. साहेबांनी आकडा बदलला, बटण दाबलं. सहा किलो आठशे वीस. बाहेर सिलिंडर अजून फुसफुसत होता.

"किरकोळ चूक होती," साहेब म्हणाले.

"शंभरपट," ताई म्हणाल्या. "आणि माफी केबिनमध्ये नको. चोर जिथं म्हणालात तिथं."

साहेबांनी मशीनपाशी उभं राहून माफी मागितली. बायकांनी ऐकू आलं नाही म्हणून दोनदा म्हणायला लावली. मालकांनी तिथंच हुकूम काढला, की यापुढं साहेबांचा प्रत्येक कागद आधी ताईंच्या खिडकीत जाईल, आणि त्यांची सही झाल्यावरच पुढं सरकेल.

दुसऱ्या दिवशी पहिला कागद आला. साहेबांचा रजेचा अर्ज. 'प्रकृती बरी नसल्याने ३ ची रजा मिळावी.' ताईंनी तो खिडकीतून परत सरकवला.

"तीन काय?"

"दिवस, ताई. कळतंच की."

"मला कळतं. कागदाला कळत नाही."

साहेबांनी पेन काढलं.