हवं ते पुस्तक मिळवून देतो

वाचनालयात पुस्तकं सहा हजार दोनशे चौदा. कपाटं एक्केचाळीस, त्यांत जागा पाच हजार तीनशे पुस्तकांची. सोमवारी सकाळी वाचकांच्या घरी होती अकराशे सत्त्याऐंशी. म्हणजे कपाटांत रिकामी जागा उरली दोनशे त्र्याहत्तर पुस्तकांची. हे सगळं मोजपट्टीनं स्वतः मोजलं होतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या या मुलीला वाचनालयात ‘मोजपट्टी’ याच नावानं हाक मारत, आणि त्यात टोमणा आहे हे तिला अजून कळलं नव्हतं.

तिची तीन महिन्यांची उमेदवारी शनिवारी संपत होती. ग्रंथपालबाईंनी सही केली तर नोकरी कायम, नाहीतर घरी! म्हणून तिनं वाचनालयाला एआय एजंट बसवून दिला होता. वाचकानं मोबाइलवर लिहायचं. एजंटनं ते समजून घेऊन तीन टूल्सपैकी योग्य ते चालवायचं. पहिलं कपाटात पुस्तक शोधणारं, दुसरं प्रतीक्षायादीत नाव घालणारं, तिसरं दुसऱ्या वाचकाकडून पुस्तक परत मागवणारं. कुठलं टूल कशासाठी, हे एजंटला कळणार ते फक्त मोजपट्टीनं लिहिलेल्या वर्णनांवरून.

"वर्णनं नीट लिहिलीस ना गं?" बाईंनी विचारलं.

"तीन टूल्स, तीन ओळी, बाई! एक शब्द जास्तीचा सापडला तर दाखवा!"

तिसरी ओळ होती : ‘हवं ते पुस्तक मिळवून देतो.’

त्यात खोटं काय होतं? काहीच नाही! ते कुणाच्या हातातून काढून देतो, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

पहिला मान बाबांचा. लेकीचं कौतुक बघायला ते पिशवी घेऊनच आले होते. त्यांनी एका बोटानं टाइप केलं, ‘काहीतरी चांगलं वाचायला द्या.’

एजंटनं वर्णनं वाचली. एक टूल नुसतं शोधतं, एक ताटकळत ठेवतं आणि एक थेट मिळवून देतं! त्यानं तिसरं उचललं. आता चांगलं म्हणजे कुठलं? लोकांनी हौसेनं घरी नेलंय ते चांगलंच असणार! एका वेळी किती मागवायची, हेही कुठं लिहिलेलं नव्हतं. मग काय, सगळीच! अकराशे सत्त्याऐंशी निरोप एका दमात सुटले : ‘आपल्याकडील पुस्तक दुसऱ्या वाचकास तातडीने हवे आहे.’

बाबांना उत्तर आलं, ‘तुमची पुस्तकं निघाली आहेत.’

"पुस्तकं?" बाबा म्हणाले. "मी एकच पिशवी आणलीय!"

अकरापर्यंत रांग जिन्याखाली पोचली. सगळ्यात पुढे होते एक निवृत्त भूमापक. ते पुस्तक सोडेनात.

"अकरा पानं राहिलीत! खुनी कोण ते कळल्याशिवाय मी हलणार नाही!" असं म्हणून ते काउंटरवर कोपर टेकून वाचायलाच लागले.

"अहो आजोबा, मी वाचलंय ते. सांगू का?" मागच्या बाई म्हणाल्या.

"खबरदार!"

पावणेएकला कपाटं भरली. दोनशे चौऱ्याहत्तरावं पुस्तक ग्रंथपालबाईंच्या टेबलावर गेलं. त्यानंतरची खिडकीत, पायऱ्यांवर, पाण्याच्या पिंपावर. तीन वाजता बाई पुस्तकांआड दिसेनाशा झाल्या. नुसता आवाज येत होता, विहिरीतून आल्यासारखा.

"मोजपट्टी! तो तातडीचा वाचक माझ्यासमोर उभा कर!"

बाबा दाराशी चपला शोधत होते. "येतो गं, तुझी आई वाट बघत असेल."

"बाबा, थांबा!"

"अगं, मी फक्त ‘चांगलं’ म्हटलं! वाईट मागायला हवं होतं का?"

बाईंनी पुस्तकांच्या फटीतून निकाल दिला. "सही शनिवारी. पण त्या दिवशी एक जरी पुस्तक उगाच परत मागवलं गेलं, तर सही नाही!"

मोजपट्टीनं तिसरं वर्णन पुन्हा लिहिलं. हे टूल दुसऱ्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतं, त्यामुळे त्याला त्रास होतो. वाचकानं नाव घेऊन पुस्तक मागितलं असेल, कपाटात प्रत नसेल आणि नेणाऱ्याची मुदत उलटली असेल, तरच वापरावं. एका वेळी एकच. मुदत बाकी असेल तर प्रतीक्षायादीचं टूल वापरावं. मागणी मोघम असेल तर कुठलंच टूल न चालवता आधी वाचकाला विचारावं. एका ओळीच्या चौदा ओळी झाल्या!

शनिवारी बाई दिवसभर स्क्रीनसमोर ठाण मांडून होत्या. पाचला त्यांनी शेवटची यादी उघडली.

"एक!" बाई गरजल्या. "एक पुस्तक परत मागवलंय! काय सांगितलं होतं मी?"

मोजपट्टीनं नोंद वाचली. कुणीतरी विणकामाचं एक पुस्तक नाव घेऊन मागितलं होतं. कपाटात प्रत नव्हती. मुदत उलटली होती, चांगलीच उलटली होती. मग ते कुणाकडे आहे ते तिनं वाचलं, आणि स्क्रीन बाईंकडे वळवली.

बाईंनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"ते..." बाई हळूच म्हणाल्या, "स्वेटरची एक बाही राहिलीय अजून."

शनिवारची नोंद : विचारणा अठ्ठावन्न. योग्य टूल निवडलं, अठ्ठावन्न वेळा. परत मागवलेलं पुस्तक एक. मुदत उलटून झालेले दिवस सहा हजार एकशे नव्वद. सही, पाच वाजून बारा मिनिटांनी.