एव्होरेकरीण फिलोमेनाबाईंनी ब्रुसेल्सवर केलेली चढाई

विद्याविलासी, न्यायप्रिय वाचक सरकारांचे हुजुरात एव्होरेकर लेखकाचा अर्ज ऐसा जे: पोर्तुगाल देशी, आलेंतेझू प्रांती, एव्होरा शहरी डॉक्टर फिलोमेना क्वारेझ्मा यांनी ब्रुसेल्सचे दरबारावर जी स्वारी केली, तिजविषयी कॉफीच्या दुकानांतून नाना गप्पा उठल्या. कोणी म्हणतो बाई कपटाने जिंकल्या, कोणी म्हणतो घड्याळाने जिंकल्या. सबब जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लाविता, कलमबंद केले आहे.

मोहिमेचे कारण ऐसे. ज्या ओकवृक्षांच्या सालीची बाटल्यांस बुचे होतात, त्यांचे रान बाईंचे तीर्थरूप लिओपोल्दिनु क्वारेझ्मा यांचे वहिवाटीत पिढीजाद होते. त्या रानात गनीम शिरला. गनीम म्हणजे सालीआड राहणारी अळी. ती आत बसून खाते, बाहेर पाने हिरवीगार डुलतात, आणि मालकास खबर लागते तेव्हा झाड हातचे गेलेले असते. बाईंनी बहुत वर्षे खपून एक यंत्र योजिले होते. ते खोडास लाविले असता आतील कुरतडणे कानी पडावे आणि झाड वेळीच वाचवावे, ऐसा मनसुबा. परंतु यंत्र मेजावर चाले, रानभर मांडण्यास सरंजाम नव्हता. आणि विद्यापीठातील बाईंची चाकरीही उन्हाळ्याअखेर सरणार होती. इतक्यात ब्रुसेल्सहून जाहीरनामा सुटला की, जो कोणी तीन मुलखांची फौज जमवून संशोधन व डिजिटल नवकल्पना यांत पराक्रमाचा बेत मांडील, त्यास युरोपचे खजिन्यातून कुमक मिळेल. बाईंनी तो वाचिला आणि कमर बांधिली.

मग खलबत जाहले. विभागाचे मुख्य, दूरदृष्टीचे महामेरू, प्रोफेसर बाल्ताझार सेइशश यांणी मसुदा पाहिला आणि चष्मा काढून ठेविला.

"डॉक्टरीणबाई, यात किडा फार आहे."

"सर, किड्याबद्दलच आहे ते."

"असेल. पण ब्रुसेल्सला किडा चालत नाही. परिसंस्था लिहा. कृत्रिम बुद्धिमत्ता कुठाय? आणि 'संक्रमण' हा शब्द पहिल्या पानावर एकदाच?"

"कसलं संक्रमण, सर?"

"ते नंतर ठरवू. आधी शब्द तर टाका!"

येणेप्रमाणे हुकूम घेऊन बाई दोस्तांचे शोधास लागल्या. सार्डिनिया बेटीचे एफिझिओ, आडनाव मुलास, ज्यांचे रानी तेच वृक्ष आणि तोच गनीम, ते तत्काळ सामील जाहले. तिसरे एस्टोनियाचे उर्मास लेपिक. यांचे मुलखी बुचाचा ओक औषधालाही नाही, परंतु संगणकविद्येत यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि बोलणे इतके थोडे की पडद्यावरील चित्र गोठले की काय, ऐसा वारंवार संशय पडे.

मग मोहिमेस नाव देण्याचा प्रसंग आला. प्रोफेसरसाहेबांनी फर्माविले की, नावात पोर्तुगालचा प्राचीन डौल दिसावा, सबब 'लुझितानिया'. मग उर्मासांनी त्या आठवड्यातील पहिले वाक्य उच्चारिले.

"त्या नावाचं जहाज बुडालंय."

एफिझिओ हसता हसता खुर्चीवरून घसरले. प्रोफेसरसाहेब रुष्ट होऊन निघोन गेले, आणि मागे बाईंनी 'ओरेल्या', म्हणजे कान, हे साधे नाव कायम करून घेतले.

परंतु रुष्ट मनुष्याचे हाती लेखणी आली की आवरत नाही. प्रोफेसरसाहेबांनी 'दूरदृष्टी' नामे प्रकरण लिहिण्यास घेतले, आणि ते दिवसेंदिवस सुजत चालिले. दरबारचा कायदा तर ऐसा की, नेमिल्या मर्यादेपलीकडील पान परीक्षकांस कोरेच दिसावे. मजकूर मर्यादेबाहेर वाहो लागला. तेव्हा साहेबांचा हुकूम आला की, अळीचे प्रकरण कापावे.

बाई खिन्न होऊन बापाचे घरी गेल्या. म्हाताऱ्याने शिळ्या पावाची, लसूण-कोथिंबिरीची आसोर्दा पुढ्यात ठेविली आणि सर्व हकीकत ऐकिली.

"मग काप की," म्हातारा म्हणाला. "गाय विकताना मी ती लाथ मारते असं सांगतो का? गोड बोल, पैसे आण, मग कर तुला हवं ते."

"बाबा, उद्या ते लिहिलंय तेच करायला लावतील. परिसंस्थेच्या सभा भरवत बसेन मी. आणि झाडं?"

म्हातारा खिडकीबाहेर पाहू लागला. उताराकडील सात झाडांचे सांगाडे तेथून दिसत.

"तू आईवर गेलीस," इतकेच बोलून त्याने पाव मोडिला. ही परवानगी की तक्रार, ते बाईंस उमगले नाही.

मग निर्वाणीचा दिवस उजाडला. दरबारचा दरवाजा ब्रुसेल्सचे पाच वाजता बंद होणार. आणि ब्रुसेल्सचे पाच म्हणजे पोर्तुगालचे चार, हे सूर्यनारायणासही ठाऊक. बाईंनी प्रोफेसरसाहेबांस सकाळी विनविले, दुपारी पुन्हा विनविले. साहेब म्हणाले, "पाच म्हणजे पाच! मला वेळ शिकवू नका," आणि दूरदृष्टीवर अखेरचा हात फिरविण्यास कॉफीचे दुकानी स्वार जाहले.

बाई एकट्या संगणकापुढे बसल्या. मसुद्यातील अळी साहेबांचे हुकुमाने कधीच कापिली गेली होती. त्यांणी 'झाड' हा शब्द शोधिला. एकही न सापडला. 'संक्रमण' मात्र पानोपानी उभे. साहेबांची अवज्ञा केली तर चाकरीचे नूतनीकरण विसरावे. न केली तर जिंकूनही हरावे. त्यांणी दोस्तांस विचारिले. एफिझिओ ओरडले, "उडव गं ते पुराण! आमच्याकडे यंदा अर्धी टेकडी वाळलीय!" उर्मासांकडून एक अंगठा आला.

मग बाईंनी दूरदृष्टीवर एकच हल्ला केला. साहेबांची अकरा पाने जागीच कामास आली. अळी आपले ठाण्यावर पुन्हा बसली, झाडे परत आली, आणि चाराचे ठोक्याआधी बाईंनी कळ दाबिली.

साडेचारास प्रोफेसरसाहेब घामाघूम पावले.

"हे घ्या, अंतिम! अजून अर्धा तास आहे ना?"

"ब्रुसेल्समध्ये नाही, सर."

साहेबांनी घड्याळ पाहिले, बाईंकडे पाहिले. "काय पाठवलंत तुम्ही?"

"किडा, सर."

पुढे उन्हाळा सरला, चाकरीही सरली, आणि विभागात बाईंचे नाव घेणे बंद जाहले. बाई बापाचे घरी राहून आणखी दोन झाडे वाळताना पाहत होत्या. आपणच हट्टाने घर बुडविले की काय, हा प्रश्न उशास घेऊन निजत. ऐशात एके दुपारी एफिझिओंचा फोन आला.

"फिलोमेना! अगं, उघड ते! उघड!"

"काय झालं? कोण गेलं?"

"मिळालं! गाढवे, मिळालं!"

बाई चुलीपाशी मटकन बसल्या आणि रडू लागल्या. परीक्षकांनी लिहिले होते की, या अर्जात काय करावयाचे ते प्रथम वाचनातच समजले, ही दुर्मिळ गोष्ट होय. विद्यापीठाने बाईंस सन्मानाने परत बोलाविले. वर्तमानपत्री प्रोफेसरसाहेबांची तसबीर झळकली: ओकास कान लावून उभे. फक्त झाड ऑलिव्हचे होते.

मग यंत्रे आली, आणि बाईंनी पहिले यंत्र बापाचे रानात एका हिरव्यागार, निरोगी दिसणाऱ्या ओकास जडविले. थोडा वेळ स्वतः ऐकिले. मग यंत्रास जोडलेले हेडफोन बापाचे कानांवर चढविले. म्हाताऱ्याने डोळे मिटिले. बराच वेळ श्वास न घेता उभा राहिला. आणि कान झाकलेले असल्याने साऱ्या रानास ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडला:

"आयला! हा तर जेवतोय!"

मग म्हाताऱ्याने सुरी घेतली, बाईंनी बोट ठेविले तेथे साल हलके उकलिली, आणि गनीम उजेडात आला. बोटाचे पेराहून लहान, पांढरा, आंधळा. म्हाताऱ्याने त्यास टाचेखाली घेतला आणि झाडाचे खोडावर तळहात टेकून उगाच उभा राहिला.

येणेप्रमाणे तीन मुलखांची फौज लढली आणि ब्रुसेल्सचा खजिना उघडला. गनिमाकडील ठार: एक. झाड उभे आहे. फत्ते जाहली, ती दफ्तरी दाखल केली असे.