नाडी पाहून गांजा विकणारा गुलाबभाई

संग्रामपूरच्या बाजारात त्या काळी सरकारी परवान्याचं गांजाचं दुकान होतं, आणि त्याचा ठेकेदार गुलाबभाई नाडी पाहिल्याशिवाय कुणालाही गांजा देत नसे. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. मलाही वाटली होती. पण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की गुलाबभाईचा हात तराजूकडे न जाता आधी त्याच्या मनगटाकडे जायचा. डोळे मिटून थोडा वेळ नाडी बघायची, मग खालची पापणी ओढून डोळा तपासायचा, आणि मग हुकूम सुटायचा, "खोक."

गिऱ्हाईक निमूट खोकायचं. गुलाबभाई पाठीला कान लावायचा आणि मान हलवायचा. "फाटक्या भात्यावानी वाजून राह्यली तुही छाती. आज अर्धाच भेटंल."

त्याचे वडील हकीम होते. त्यांच्याकडून यानं विद्या अर्धीच उचलली, आणि पुढं सासऱ्याला मुलगा नसल्यानं हा ठेका त्याच्या गळ्यात पडला. उरलेली अर्धी विद्या त्यानं गिऱ्हाइकांवरच पुरी करून घेतली, असं माझं मत आहे.

सरकारचे नियम मोजके होते. पोरासोरांना द्यायचा नाही, ठरलेल्या वजनाच्या वर द्यायचा नाही, दिवस मावळला की दुकान बंद. गुलाबभाईचे स्वतःचे नियम मात्र रोज वाढत. मिसरूड फुटलं म्हणून कुणी ऐटीत आलं, तर "डोकं अजून कच्चं हाय बे तुहं, आताच धूर काऊन घालतं?" म्हणून परत पाठवायचा. गाडीवानाला सकाळच्या वेळी द्यायचा नाही. ज्याच्या घरात कुणाला वेड लागलं असेल त्याला तर जन्मात नाही. "तुमच्या घरात ते बी हाय, याच्यानं उगवून येईल," असं तोंडावर सांगायचा. आणि या साऱ्याच्या शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य असायचं, "मी इकतो, पन सांगून इकतो."

एकदा आबकारी खात्याचा नवा इन्स्पेक्टर साध्या वेशात आला. गुलाबभाई नियमापेक्षा जास्त माल देतो की काय, हे त्याला बघायचं होतं. गुलाबभाईनं नाडी धरली, डोळे पाहिले, खोकायला लावलं आणि साफ नकार दिला. "तुमाले जिना चढतानी दम लागते. मी नाई देत." साहेबानं आपला हुद्दा सांगितला. गुलाबभाईनं उठून सलाम केला आणि म्हणाला, "साहेब असले तरी छाती तेच हाय नं." इन्स्पेक्टर काही शेरा न लिहिता गेला. त्याला खरोखरच दम लागत होता, असं पुढं कळलं.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. ह्या सगळ्या गमती मी समोरच्या बाजूनं, चालता चालता पाहिलेल्या. गांजाच्या दुकानासमोर मास्तर थांबला तर गाव काय म्हणेल, ह्याची मला फार धास्ती. माझा हा तोरा माझ्या थोरल्या भावामुळे उतरला.

किसनदादा वरवट बकालला आमची शेती पाहायचा. आधी तो भजनाच्या बैठकीपुरती चिलीम ओढी, मग दुपारी, मग उठल्याबरोबर. पेरणीच्या दिवसांत औत उभं करून बांधावर बसून राहू लागला. जेवून हात धुतले की पुन्हा ताट मागायचा. इथवर आम्ही हसण्यावारी नेलं. मग त्याला संशय येऊ लागला की वहिनी जेवणात काहीतरी कालवते. तो तिच्या हातचं खाईना. एके दिवशी त्यानं भरलं ताट अंगणात भिरकावलं, तेव्हा वहिनी लेकरांना घेऊन जानेफळला माहेरी निघून गेली. जाताना मला म्हणाली, "भाऊजी, ते सुटले तं मी येईन. नाई तं नाई."

मी तडक, भर दुपारी, अख्ख्या बाजारादेखत गुलाबभाईच्या दुकानात शिरलो. "काऊन देता हो त्याले? तुमी बंद केलं तं आपोआप सुटंल तो."

"बसा मास्तर," तो म्हणाला. "बंद केलं होतं मी. दुसऱ्याच दिवशी एका बैराग्यानं त्याले धोतऱ्याचं बी घातलेली चिलीम पाजली. तीन दिवस अंगावरचे कपडे फाडत होता तुमचा भाऊ. तुमाले कोनी सांगतलं नाई."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माह्याकडे येते तथपर्यंत तो माह्या डोळ्यापुढं हाय," गुलाबभाई म्हणाला. "मले थोडा वेळ द्या."

मग सुरू झाला तो प्रकार त्या बाजारानं कधी पाहिला नव्हता. दादानं रोज दुपारी दुकानी यायचं आणि दिवस मावळेपर्यंत गुलाबभाईशेजारी बसायचं. दर आठ दिवसांनी त्याला मिळणाऱ्या गांजाचं वजन कमी व्हायचं, तेही तोंडावर सांगून. दादाची झोप उडाली. घामानं अंगरखा भिजायचा. तो गुलाबभाईला अशा शिव्या घालायचा की माझ्यासारख्या मास्तरानं कान झाकावे. गुलाबभाई त्याच्यापुढं फुटाणे सरकवायचा. "दे, अजून दे. इतक्या शिव्या याद हायेत, म्हंजे डोकं जाग्यावर येऊन राह्यलं तुहं."

रोज तो दादाला त्याच्या बैलांची नावं विचारी. दादाला एकच आठवे. दुसऱ्यासाठी तो कपाळ दाबून बसे, कधी रडे. गुलाबभाई मग विषय बदलून आपल्या सासऱ्याच्या कंजूषपणाच्या गोष्टी सांगायचा. त्या ऐकून ऐकून मलाही पाठ झाल्या, कारण शाळा सुटली की मीही आता तिथंच बसू लागलो होतो.

दिवाळीच्या आधी एके दुपारी दादानं दोन्ही नावं सांगितली, वर बैल कुठल्या बाजारातून आणले तेही सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत गुलाबभाईनं रिकामा तराजू उचलून बाजूला ठेवला. "जाय किसन. आता ही पायरी चढाची नाई. कधीच नाई." वहिनी जानेफळहून परत आली.

हिवाळ्यात आमच्या ज्वारीला हुरडा आला. दादा एकदम म्हणाला, "पयला हुरडा गुलाबभाईले." त्यानं पहाटे शेतात आगटी पेटवली, स्वतः कणसं भाजली, चोळली, पाखडली, आणि बोचकं काखेत मारून संग्रामपूरची वाट धरली. रविवार होता, मीही बरोबर होतो.

दादानं पायरीवर पाय ठेवला आणि आतून आवाज आला, "खाली उतर बे! कोनाले इचारून आला?"

दादा हसला. त्याला थट्टा वाटली. त्यानं बोचकं पुढं केलं. गुलाबभाई तराजूची दांडी उगारून दारापर्यंत आला. "उतर म्हनतो नं! पुन्हा तोंड दाखवू नको मले!"

बाजारातली माणसं थबकून पाहू लागली. दादाचा चेहरा पार पडला. तो बोचक्यासकट वळला आणि मागं न बघता चालू लागला. मला इतका संताप आला की मी पायऱ्या चढून आत गेलो.

गुलाबभाई भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"ही काय रीत झाली?" मी म्हणालो.

"वास हाय मास्तर इथं. भिंतीले हाय, माह्या कपड्याले हाय. त्याले सुटून दोनच महिने झाले. एका वासात सारं परत येईल."

"हळू सांगता आलं असतं."

"हळू सांगतलं असतं तं तो थांबला असता," गुलाबभाई म्हणाला. "आन् मीच त्याले बस म्हनलं असतं."

त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

"वीस वर्सं झाले मले या दुकानात. सुटले ते पुन्हा येत नाईत, मीच येऊ देत नाई. बाकीचे येतात ते माल घ्याले येतात. हातात कायी घेऊन आलेला हा पयलाच."

बाहेर बाजार चालू होता. थोड्या वेळानं गुलाबभाई माझ्याकडे वळला.

"काय होतं हो बोचक्यात?"

"हुरडा."

"गरम होता काय?"

"घोंगडीत गुंडाळून आणला होता दादानं," मी म्हणालो.